बोटांची परीक्षा

प्रत्येक वर्गात एक तरी पोर असे असते, की त्याची पाटी पाहिली म्हणजे गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. अक्षर वेडेवाकडे, ओळ डोंगर चढत गेलेली, पेन्सिलीचे टोक घडोघडी मोडलेले. माझ्याही वर्गात असा एक मुलगा होता. पाढे त्याला तोंडपाठ. गोष्ट सांगू लागला की सारा वर्ग गप्प. पण शुद्धलेखनाच्या तासाला त्याच्या बोटांवर पट्टी बसायची. हात चालत नाही तर डोकेही चालत नसणार, असा तो हिशेब. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही.

हा हिशेब चुकीचा आहे, हे ओळखायला जगालाही बराच वेळ लागला. गुंडी लावणे, सुईत दोरा ओवणे, शेंग सोलणे, पेन्सिल धरणे, या कामांना शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत ‘सूक्ष्म कारक कौशल्ये’ असे जड नाव आहे. त्यांचा अभ्यास सुरू झाला तो मंदमती म्हणून टाकून दिलेल्या मुलांपासून. फ्रान्समध्ये इतार या वैद्याचा शिष्य एदुआर सेगँ याने १८३७ च्या सुमारास अशा मुलांना शिकवायला घेतले. आधी हात आणि डोळे जागे करा, बुद्धी त्यांच्या मागून येईल, ही त्याची धारणा. लाकडी फळीत गोल, चौकोनी, त्रिकोणी खाचा. मुलाने त्या त्या आकाराचा ठोकळा उचलून बरोबर खाचेत बसवायचा. पुढे सेगँ अमेरिकेत गेला, आणि ती फळीही तिकडे रुजली.

आता फिलाडेल्फियाला चला. १८९६ साली तेथील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लाइटनर विटमर नावाचा तरुण प्राध्यापक शिक्षकांनाही मानसशास्त्र शिकवीत असे. मार्गारेट मॅग्वायर या शिक्षिकेने त्याच्यापुढे एक अडचण मांडली: चौदा वर्षांचा मुलगा, बाकी ठीक, पण शब्दांचे स्पेलिंग काही केल्या येत नाही. तुमचे शास्त्र एवढे मोठे, तर याचे कारण सांगा! विटमरने तपासले, तेव्हा मुलाच्या दृष्टीत दोष निघाला. त्याला चष्मा लागला, शिकवणी सुरू झाली. मौज अशी की मानसशास्त्राच्या पहिल्या दवाखान्याची पहिली केस एका शाळामास्तरणीने आणली! सेगँची फळी या दवाखान्यात नित्य वापरात आली. मुलाला किती मिनिटे लागली हे तर पाहायचेच, पण तो चुकल्यावर काय करतो, ठोकळा कसा फिरवतो, कोणता हात पुढे करतो, हेही पाहायचे. त्याच वर्षाच्या अखेरीस विटमरने आपल्या व्यवसायबंधूंपुढे मागणी ठेवली की शाळांसाठी काम करणारे तज्ज्ञ निराळे शिकवून तयार करावेत.

तसा तज्ज्ञ सरकारी हुद्द्यावर यायला १९१५ साल उजाडले. कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाने आर्नोल्ड गेझेल यांना ‘शाळा मानसशास्त्रज्ञ’ म्हणून नेमले. हे गृहस्थ आधी शाळामास्तर, मग मानसशास्त्राचे डॉक्टर, मग वैद्यकाचेही. खेड्यापाड्यांतल्या शाळांत जाऊन मागे पडलेली मुले तपासायची आणि त्यांच्यासाठी काय करता येईल ते सांगायचे, हे त्यांचे काम. पुढे येल विद्यापीठात त्यांनी तान्ह्या मुलांच्या हालचालींचे चित्रपट घेतले. मुलापुढे इंचभर लाल ठोकळा ठेवायचा आणि पकड पाहायची. सहाव्या महिन्याच्या आसपास मूल तो सगळ्या तळव्याने कवळते; वर्षाच्या आतबाहेर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाणा धरते. घरोघरच्या आजीला हे ठाऊक होते म्हणा, पण आजीने कोष्टक मांडले नव्हते! गेझेल यांचा भर मात्र वयावर फार. सराव आणि घरची परिस्थिती त्यांनी कमी लेखली, असे आज मानतात. मलाही ते पटते. शेंगा सोलणाऱ्या घरातले पोर आणि सगळे आयते मिळणारे पोर यांच्या बोटांत फरक पडणारच.

१९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वेस्ट पॉइंट येथे थेयर परिषद भरली, ती या तज्ज्ञांना काय आणि किती शिकवावे अशा प्रश्नांवर. १९७५ च्या अमेरिकन कायद्याने अपंग मुलांना शाळेचे दार उघडले, तेव्हा मानसशास्त्रज्ञाच्या जोडीला हाताचे व्यायाम करवून घेणारा व्यवसायोपचारतज्ज्ञही आला. दोष कोठे आहे ते एकाने हुडकावे, दुसऱ्याने हाताला वळण लावावे.

आणि आपल्याकडे? शिक्षकबंधुभगिनींनो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. मारिया माँटेसरींची साधने, म्हणजे तीन बोटांनी उचलायच्या दट्ट्या, खरकागदाची अक्षरे, ही सेगँच्याच वाटेने आलेली, पण महाग. या दोघींनी शिंपले, बिया, पाने, खडे वेचून तेच काम करून घेतले, आणि ते पाहायला, करायला बालसेविका शिकवून तयार केल्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लेखनातील आणि हालचालींतील अशा अडचणीही अध्ययन-अक्षमतेत धरल्या आहेत. तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ सहसा भेटत नाही. तोवर पहिली पाहणी तुमचीच. पेन्सिल मुठीत धरणारे पोर सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावते का? मणी ओवते का? कागद दुसऱ्या हाताने दाबून धरते का? फळ्यावरचे त्याला दिसते का? चार दिवस पाहून वहीत टिपून ठेवा, आणि पालकांना बोलावून ती वही त्यांच्यापुढे ठेवा.