स्कूटारी येथील लष्करी रुग्णालय

क्रिमियन युद्धातील (१८५३–५६) ब्रिटिश सैन्याचे पिछाडीचे प्रमुख रुग्णालय. इस्तंबूलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई तीरावरील तुर्की बराकीत ते होते. आघाडीवरील जखमी व आजारी सैनिक काळा समुद्र ओलांडून जहाजांनी तेथे आणले जात. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या ३८ परिचारिकांसह तेथे आल्या. त्यांनी आहार, कपडे व धुलाई यांची व्यवस्था लावली. तथापि मृत्यूंचे प्रमाण वाढतच जाऊन फेब्रुवारी १८५५ मध्ये सु. ४२ टक्के झाले. बहुतेक मृत्यू जखमांमुळे नव्हे, तर पटकी, हगवण, ज्वर इ. रोगांमुळे होत. इमारतीखालील तुंबलेली गटारे व कोंदट हवा यांचा त्यांत मोठा वाटा होता. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली व वायुवीजन सुधारले. जूनपर्यंत हे प्रमाण सु. २ टक्क्यांवर आले. शुश्रूषेला स्वच्छतेची जोड आवश्यक असते, हे नाइटिंगेल यांनी पुढे आकडेवारी व आकृत्यांद्वारे शासनापुढे मांडले (१८५८).