तेराचा आकडा

सहावीत असताना मी इंटरनेटवर पहिल्यांदा खोटं बोलले. साल २०१०. सायबर कॅफेत शेजारी बसलेला मावसभाऊ म्हणाला, "अगं, खरं साल टाकलंस तर अकाउंट उघडणारच नाही." मी १९९९ च्या जागी १९९५ टाकलं. अकाउंट उघडलं. तुमच्यापैकी अनेकांनी हेच केलं असणार.

पण तेराच का? बारा का नाही, सोळा का नाही? कुणा मानसशास्त्रज्ञाने अभ्यास करून हा आकडा काढला असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या संसदेतल्या घासाघिशीतून आलाय.

नव्वदच्या दशकात मुलांसाठी वेबसाइट निघाल्या. खेळ, कोडी, बक्षिसं, आणि सोबत एक फॉर्म: नाव, पत्ता, ईमेल, आवडीनिवडी. १९९८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी यंत्रणेने मुलांच्या २१२ वेबसाइट तपासल्या. त्यातल्या ८९ टक्के मुलांकडून वैयक्तिक माहिती घेत होत्या. त्यावर आईवडिलांचं काही नियंत्रण राहील अशी सोय दहा टक्के ठिकाणीही नव्हती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'कोपा' हा कायदा झाला. मुलांची माहिती घ्यायची तर आधी पालकांची परवानगी घ्या, हा त्याचा गाभा. गूगल तेव्हा जेमतेम दीड महिन्याची कंपनी होती आणि फेसबुक यायला पाच वर्षांहून जास्त अवकाश होता. एड मार्की यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींना सोळा वर्षांखालच्या सगळ्यांना संरक्षण हवं होतं. कंपन्यांनी विरोध केला. नागरी हक्कवाल्यांची काळजी वेगळी होती: घरातल्या छळाबद्दल किंवा गर्भनिरोधनाबद्दल गुपचूप माहिती शोधणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीने आईबाबांची सही आणायची का? ओढाताणीत सोळाचे तेरा झाले.

कायद्यात एक फटही राहिली. जी साइट खास मुलांसाठी नाही, तिच्यावर जबाबदारी तेव्हाच येते, जेव्हा समोरचं मूल तेराखालचं आहे हे तिला प्रत्यक्ष ठाऊक असतं. मग सोपं झालं. जन्मसाल विचारायचं आणि येईल ते उत्तर खरं मानायचं. माहितीच्या हावेला लगाम घालायला निघालेला कायदा मुलांना वय चोरायला शिकवून गेला.

तो अगदीच बिनदातांचा नव्हता. मुलांच्या व्हिडिओंवरून माहिती गोळा केल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. पण खोटं साल टाकून आत शिरलेल्या माझ्यासारख्यांचं काय?

आता आकडे बदलतायत. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे. पालकांची संमती पडताळून घ्यायची आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो म्हणतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडिया अकाउंटसाठी सोळाची अट घातली. तिथे दंड मुलाला नाही, पालकांनाही नाही, फक्त कंपनीला. मला आकड्यापेक्षा हा बदल मोठा वाटतो. सत्तावीस वर्षं दारावरचा पहारेकरी आपण मुलांनाच केलं होतं.

परवा भाची फोन घेऊन आली. "मावशी, कुठलं साल टाकू?"

माझ्या त्या जुन्या अकाउंटवर मी अजूनही चार वर्षांनी मोठी आहे. तिला काय सांगावं, मला पटकन सुचलं नाही.