अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ

भारतातील बुद्धिबळाचे नियमन करणारी ही सर्वोच्च संस्था १९५१ साली स्थापन झाली. जागतिक बुद्धिबळ महासंघ अर्थात ‘फिडे’शी ती संलग्न असून राज्य संघटना तिच्या घटक आहेत. राष्ट्रीय स्पर्धा घेणे, ऑलिंपियाडसाठी संघ निवडणे आणि खेळाडूंची नोंदणी करणे ही तिची मुख्य कार्ये. फिडे एका देशातून एकाच संस्थेला मान्यता देत असल्याने खेळाडूला दुसरी वाट उरत नाही. महासंघाचे बळ यात आहे आणि त्याच्याविषयीच्या वादांचे मूळही यातच आहे.

पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९७४ पर्यंत नव्हती. ती सुरू झाली तेव्हा पहिले विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी मिळविले. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उडाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांनी महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. याच रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये हैदराबादेत आशियाई महिला विजेत्या झाल्या.

पुढे प्रश्न आला तो मान्यता नसलेल्या स्पर्धांचा. अशा स्पर्धांत खेळणार नाही, असे हमीपत्र महासंघ खेळाडूंकडून घेत असे. ते मोडणाऱ्यावर फिडे गुणांकन गमावण्याची पाळी येई. ज्याच्या गुणांकनावर पुढील प्रवेश अवलंबून, त्याला ही शिक्षा कारकीर्द संपविणारीच. काही खेळाडूंच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये हा प्रभुत्वाचा गैरवापर ठरविला व ६ लाख ९२ हजार रुपये दंड केला. रक्कम किरकोळ होती; पण क्रीडा संघटनाही स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येते, हे त्यातून पुन्हा अधोरेखित झाले.

अलीकडचे यश सर्वपरिचित आहे. २०२२ मध्ये मामल्लपुरम येथील ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या महिला संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक पटकाविले. हैदराबादेतील २००२ च्या स्पर्धेनंतर विश्वचषक पुन्हा भारतात आला तो २०२५ मध्ये, गोव्यात; २०६ खेळाडूंच्या या स्पर्धेत उझबेकिस्तानचा १९ वर्षीय जावोखिर सिंदारोव्ह विजेता ठरला.