वाफ आणि विस्तव

ओरोसच्या पंचक्रोशीत रातांब्याच्या बिया कुणी उगाच फेकत नाही. सोलं उन्हात पडली की बिया वेगळ्या सुकवायच्या, फोडून कुटायच्या आणि पाण्यात उकळत ठेवायच्या. रात्रभर भांडं निवलं की पाण्यावर पांढरट थर धरतो. तो काढून मुठीत दाबून गोळे वळायचे, हेच मुठेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या की त्याची आठवण होते. हे तेल वितळतं ४० अंशांच्या आसपास, त्यामुळे गार बी नुसती ठेचून फारसं काही हाती लागत नाही.

जमिनीखालच्या दाट खनिज तेलाचं दुखणं हेच. ते कुठल्या पोकळीत तळं होऊन साठलेलं नसतं. वाळूच्या कणाकणांमधल्या फटींत ते बसलेलं असतं. पातळ असेल तर खालच्या दाबानेच विहिरीकडे धावतं. पण पाण्याचा दाटपणा १ धरला, तर कॅलिफोर्नियातल्या केर्न रिव्हरच्या तेलाचा हजारांत भरतो. असं तेल जागचं हलत नाही. तापवलं की मात्र त्याचा दाटपणा अक्षरशः कोसळतो, शे-दीडशे अंशांवर तर शेकडो पटींनी.

तेल असं जमिनीखालीच तापवण्याच्या वाफेच्या पद्धतीची जन्मकथा बहुतेकदा व्हेनेझुएलातून सुरू करतात. १९५९ साली मेने ग्रांदे इथे शेल कंपनी एका बाजूच्या विहिरींतून वाफ दाबत होती. ती तेलाला ढकलत दुसऱ्या विहिरींकडे नेईल, हा बेत. पण दाब वरच्या जमिनीला सोसवला नाही. जमीन फाटली आणि वाफ उसळून वर आली. दाब उतरवायला वाफेच्याच विहिरी उघडल्या, तर त्यांतून दिवसाला शे-दोनशे पिंपं तेल येऊ लागलं! मग तोच धडा झाला. एकाच विहिरीत काही दिवस वाफ भरायची, तोंड बंद करून ती मुरू द्यायची आणि नंतर तिथूनच तेल उपसायचं.

गोष्ट झकास आहे, म्हणूनच जरा जपून ऐकावी. टेक्सासात वूडसनजवळ १९३१-३२ सालीच तेलाच्या वाळूत महिनोन्‌महिने वाफ सोडून पाहिली होती. त्या काळी तिकडे कच्चं तेल मातीमोल झालं होतं, वाफेचा खर्च कोण सोसणार? प्रयोग कागदोपत्री राहिला. कूळ लावताना आपण पराक्रमी पूर्वज धरतो आणि साध्या खापरपणजोबाला वगळतो, तसंच हे. केर्न रिव्हरला १९५० च्या दशकात विहिरींच्या तळाशी हीटर सोडत, १९६० च्या दशकात वाफ आली. कॅनडात रॉजर बटलर यांनी एकाखाली एक दोन आडव्या विहिरी कल्पिल्या: वरचीतून वाफ, खालचीत पाझरणारं तेल.

आपल्याकडे ही विद्या आली ती विस्तवाच्या रूपाने, उत्तर गुजरातेत महेसाण्याला. हा बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख, १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होता. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर १९७४ साली सापडलेल्या बॉम्बे हायचं तेल हलकं, त्याला शेकण्याची गरज नव्हती. महेसाण्याजवळच्या बलोल, सांथल या क्षेत्रांतलं तेल मात्र दाट, आणि तेही सुमारे १००० मीटर खोल. तिथवर जाता जाता वाफ पाइपातच उष्णता गमावते. शिवाय खाली दाब मोठा, आणि दाब वाढला की वाफेतली सुप्त उष्णताही घटते. मग ओएनजीसीने तेलालाच आग लावायचं ठरवलं. १९९० साली बलोलला प्रायोगिक काम सुरू झालं, १९९७ पासून दोन्ही क्षेत्रांत ते व्यापारी पातळीवर गेलं.

आग लावायची म्हणजे कॉम्प्रेसरने विहिरीतून हवा खाली दाबत राहायची आणि तळाशी ठिणगी द्यायची. जळतो तो मुख्यतः तेलाचा सर्वांत जड गाळ, वाळूच्या कणांना कोळशागत चिकटलेला. त्याची धग पुढे सरकते, पुढचं तेल पातळ होतं, आणि वाफ व धुराचे वायू त्याला उत्पादन विहिरींकडे रेटतात. आग पुढे गेल्यावर मागे तापलेली वाळू उरते. ती धग वाया जाऊ नये म्हणून हवेबरोबर पाणीही सोडतात. त्या पाण्याची वाफ होते आणि मागची उष्णता पुढे पोचते.

आगीची खबर वर येते ती वायूंच्या तपासणीतून. कार्बन डायऑक्साइड भरपूर असला म्हणजे खाली नीट जळतंय. ऑक्सिजन वाढू लागला तर हवा आगीला वळसा घालून आली, आणि तेलवायूत मिसळलेला ऑक्सिजन म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अशी विहीर तातडीने बंद करावी लागते.

ढोबळमानाने दहावा हिस्सा तेल या खटाटोपात जळून जातं. ते मला महाग वाटत नाही, कारण नुसत्या उपशाने या क्षेत्रांतलं फार तर १३ टक्के तेल वर येईल असा हिशेब होता, आणि आगीच्या जोरावर तो अंदाज ३९ ते ४५ टक्क्यांपर्यंत नेला गेला. खरा खर्च रात्रंदिवस चालणाऱ्या कॉम्प्रेसरांचा.