घरातील ओल व बुरशी

घरातील बुरशी म्हणजे भिंती, छत, लाकूड, कापड, चामडे, कागद किंवा साठवलेले धान्य यांवर ओल टिकून राहिल्यामुळे वाढणारा कवकांचा थर होय. बोलीभाषेत तिला ‘बुरा’ असेही म्हणतात. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि अल्टरनेरिया या प्रजाती घरांत विशेष आढळतात. त्यांचे बीजाणू हवेत सर्वत्र असल्याने ते घरात येऊ न देणे अशक्य असते. प्रतिबंधाचे सर्व उपाय त्यामुळे पाण्याशी निगडित आहेत.

मराठवाड्यातील स्वरूप

कोकणात पावसाळ्यातील दमट हवाच बुरशीस पुरेशी ठरते. जालना जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान मात्र सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर असून वर्षाचा मोठा भाग कोरडा जातो. अंबड तालुक्यातील वडीगोद्री व गोदाकाठच्या गावांसारख्या ठिकाणी घरात बारमाही बुरशी दिसत असेल, तर तिचे कारण बहुधा हवामानात नसून त्या घराच्या बांधणीत वा वापरात असते. गळके छत, न्हाणीघराची भिंत, फुटलेला नळ, जमिनीतून चढणारी ओल ही त्यांपैकी नेहमीची कारणे होत.

काळ्या मातीचा संबंध येथे महत्त्वाचा आहे. ही माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, ओली असताना फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने पाया हलून भिंतींना तडे जातात आणि पुढील पावसाचे पाणी त्यांतून आत शिरते. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर न घातलेल्या बांधकामात जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. त्यासोबत आलेले क्षार भिंतीवर साचून गिलाव्याचे पोपडे निघतात. यास ‘लोणा लागणे’ म्हणतात. लोणा आणि पांढरी बुरशी यांत पुष्कळदा गल्लत होते. लोण्याचे स्फटिक पाण्यात विरघळतात. बुरशी विरघळत नाही, ती पसरते व तिला कुबट वास येतो.

जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे आणि पावसाळ्यापूर्वी तो दुरुस्त करण्याची रीत होती. झड लागली की अशी छते गळत, तरी भिंती व छत ओल शोषून पुन्हा बाहेर टाकत. सिमेंटच्या गिलाव्याला व तेलरंगाला हा गुण फारसा नाही. आत अडकलेली ओल तेथेच मुरते. पत्र्याच्या घरांत हिवाळ्याच्या रात्री घरातील वाफ थंड पत्र्यावर द्रवरूप होऊन थेंब टपकतात. उन्हाळ्यात बंद खोलीत चालणारा पाण्याचा कूलरही खोली दमट करतो. तो बाहेरची कोरडी हवा घेईल असा खिडकीत बसवावा व समोरची वाट हवा जाण्यासाठी उघडी ठेवावी.

प्रतिबंध

आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिल्यास बुरशीची वाढ सहसा रोखली जाते. भिजलेली वस्तू किंवा भिंत २४ ते ४८ तासांत वाळवणे इष्ट असते. स्लॅबवर पाणी साचू नये म्हणून कोब्याला उतार देणे, पन्हाळीचे पाणी पायापासून दूर नेणे व न्हाणीघराला बाहेर उघडणारा झरोका ठेवणे ही कामे कोणत्याही बुरशीनाशक रंगापेक्षा अधिक उपयोगी पडतात. कपाट बाहेरच्या भिंतीला न चिकटवता काही अंतर सोडून ठेवावे.

चुन्याची सफेदी हा जुना आणि अद्याप योग्य उपाय आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. त्यात मोरचूद मिसळण्याचीही पद्धत आहे. चुना व मोरचूद हीच जोडी मोसंबीच्या बागांत बोर्डो मिश्रण म्हणून परिचित आहे. द्राक्षवेलींवरील तिचा बुरशीनाशक उपयोग फ्रान्समधील बोर्दो येथे १८८५ च्या सुमारास प्रसिद्धीस आला. मोरचूद विषारी असल्याने ते मुलांच्या व पिण्याच्या पाण्याच्या संपर्कात येऊ देऊ नये.

सफाई

बुरशी कोरडी झाडल्यास बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडावर मास्क लावून, डाग ओला करून साबणाच्या पाण्याने घासावा आणि जागा पूर्ण वाळवावी. ब्लीच वापरल्यास त्यात शौचालय धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कुजलेला गिलावा वा लाकूड काढूनच टाकावे लागते. ओलीचा उगम बंद न करता वरून रंग दिल्यास पुढील पावसाळ्यात डाग पुन्हा उमटतात.

आरोग्य आणि धान्य

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दमट घरे व दमा, खोकला, श्वसनाचे विकार यांचा संबंध नोंदवला असून बुरशीची कोणतीही ‘सुरक्षित’ मर्यादा दिलेली नाही.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराला ‘काळी बुरशी’ हे नाव रूढ झाले. या नावामुळे भिंतीवरील काळ्या डागांविषयी भीती निर्माण होते. म्युकरमायकोसिसची कवके मात्र वेगळ्या गटातील आहेत आणि तो आजार प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असलेल्यांना होतो.

भिंतीपेक्षा मोठा धोका कधीकधी तिला टेकवलेल्या पोत्यांत असतो. ओलावलेल्या मका व भुईमुगावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार करते. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक दगावले. धुणे, भाजणे किंवा शिजवणे यांनी हे विष पूर्णतः नष्ट होत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अलग रचावीत. बुरशी लागलेले धान्य माणसांनाच नव्हे, तर जनावरांनाही देऊ नये.