आत्याच्या वहीतला नफा

गेल्या चातुर्मासात बेळगावात आमच्या बस्तीच्या रविवारच्या पाठशाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना व्यवहाराचा हिशेब शिकवायचं काम माझ्याकडे आलं. व्यापाऱ्यांच्या घरातली मुलं ही, पण दुकानात आता संगणक. जमा म्हणजे काय, खर्च म्हणजे काय, नफा कुठून निघतो, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही. म्हटलं, पुस्तकातला घोडा खरेदी-विक्रीचा हिशेब नको. आपल्या घरातलाच धंदा घेऊ, उडदाचे पापड.

मुलांनी रविवार पेठेत भाव विचारले आणि आम्ही फळ्यावर मांडलं. दहा किलो डाळ, १४० रुपयांनी १,४०० रुपये. दळण १००. पापडखार, मिरी, हिंग, मीठ, तेल मिळून ३५०. पिशव्या आणि रिक्षा १५०. एकूण खर्च २,००० रुपये. पापड दहा किलो धरले, ३०० रुपये किलोनं विकले. विक्री ३,००० रुपये. विक्रीतून खर्च वजा केला, नफा १,००० रुपये. पोरं खूश. मागच्या बाकावरची एक सातवीतली मुलगी तेवढी गप्प होती. ती म्हणाली, "आक्का, लाटणाऱ्यांचा पगार कुठं धरला?"

मी थबकले. कारण हाच प्रश्न मी माझ्या आत्याच्या वहीला कधी विचारला नव्हता.

आत्याकडे यायच्या आधी थोडं मागं जाऊ. हिशेब ही आपल्याकडे नुसती दुकानदारीची गोष्ट नव्हती. इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष मान्यखेटहून राज्य करत होता. मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड, आपल्याच कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. त्याच्या काळात महावीराचार्य या दिगंबर जैन पंडितानं 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. १९१२ साली मद्रासला तो इंग्रजी भाषांतरासह छापला गेला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं हिंदी अनुवादासह काढला. ग्रहताऱ्यांचं गणित त्यात नाही. व्याज आहे, भागीदारीत कुणाला किती वाटा हे आहे, बाजारातली फळं आहेत, वाटेत सापडलेली पैशांची थैली पाहणारे व्यापारी आहेत.

त्यातलं एक गणित मला फार आवडतं. एका माणसाला ३२ फणस एक योजन अंतर वाहून न्यायचे आहेत, आणि मजुरी ठरली आहे साडेसात फणस. अर्ध्या वाटेत तो थकून बसला. मग त्याला किती द्यायचं? बघा, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचा जैन गणिती थकलेल्या हमालाची मजुरी हिशेबात धरतो. अर्धं काम झालं तरी त्याचं काहीतरी देणं लागतं, हे त्यानं शिकणाऱ्यापुढं प्रश्न म्हणून ठेवलं.

आपल्या श्रावकाचारातही हिशेब आहेच. अचौर्य व्रताचे दोष सांगताना तत्त्वार्थसूत्रानं खोटी मापं वापरणं आणि भेसळीचा माल विकणं, दोन्ही मोजलेत. खोटा लेख लिहिणं हा सत्यव्रताचा दोष. म्हणजे वही खरी ठेवणं हा धर्माचा भाग. दिवाळीला वीरनिर्वाण होतं, दुसऱ्या दिवसापासून आपलं वीर संवत बदलतं, आणि त्याच सुमारास नव्या वह्यांची पूजाही होते. लहानपणी मला वाटायचं, देव आणि वही एकाच पाटावर का? आता कळतं.

पण ही वही शिकायची कुणी? पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरं गिरवून घेत, आणि पाढे तोंडपाठ. साधे पाढेच नव्हे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, तेव्हा अपूर्णांकाचे पाढे आल्याशिवाय दुकानात बसताच येत नसे. मग मुलगा गादीवर मुनिमाशेजारी बसे, रोजकीर्द लिहायला शिके, खतावणी करायला शिके. त्या वहीत तोलाई असे, हमाली असे, दलाली असे, मुनिमाचा पगारही असे. जो जो राबला त्याचं नाव खर्चाला पडे. मुली मात्र त्या शाळेत नव्हत्या, गादीवर तर नव्हत्याच. डाळ निवडणारी, वाळवण घालणारी, दुकानच्या नोकरांचं जेवण रांधणारी बाई त्या वहीत कुठंच सापडत नाही. खोटा लेख नव्हता तो. पण पुरा लेखही नव्हता.

माझी आत्या अशाच घरातली. काका लवकर गेले, पदरात दोन मुलं. तिनं पापड-सांडग्यांचा व्यवहार सुरू केला. शिक्षण चौथीपर्यंत, पण वही चोख. शंभर पानी वही, डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, वडिलांच्या दुकानात बघून शिकलेली. महिनाअखेर लाल शाईनं लिहायची, 'नफा'. एकदा तिनं भावांकडं मुलाच्या फीसाठी पैसे मागितले. त्यांनी तीच वही उघडून बघितली आणि म्हणाले, "तुझं तर बरं चाललंय की!" वहीतला नफाच तिच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला. आत्या काही बोलली नाही. बोलणार काय? आकडा तिच्याच हातचा होता.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर त्या रात्री मी ती वही काढली. पहाटे चारपासून लाटलेल्या पापडाची मजुरी एकाही पानावर नाही. लाल शाईतला तो नफा म्हणजे तिचीच मजुरी होती, तीही पुरी नाही.

मजुरी कशी धरायची हे आपल्या बायकांना कळत नव्हतं असं मात्र नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने, समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून घेतलेले. ही लिज्जत पापडची सुरुवात. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण मला त्यांच्या विक्रीपेक्षा त्यांची हिशेबाची रीत मोठी वाटते. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी ठरवलं. जी बहीण जेवढे पापड लाटेल तेवढी तिची लाटण्याची मजुरी आधी, आणि तिला त्या म्हणतात वणाई. ही मजुरी खर्चात धरायची. त्यानंतर उरेल तो नफा, तो सगळ्या बहिणींचा, आणि तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. महावीराचार्यांच्या हमालाला जे मिळालं, ते या बायकांनी स्वतःला दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही फळ्यावर तोच हिशेब पुन्हा मांडला. डाळ निवडण्यापासून पॅकिंगपर्यंत दोन बायकांचे तीन-तीन दिवस, म्हणजे सहा दिवस. दिवसाला २५० रुपये धरले, तरी १,५०० रुपये. खर्च २,००० होता, तो झाला ३,५००. विक्री तीच, ३,०००. नफा गेला, ५०० रुपये तोटा आला. पोरांचे चेहरे उतरले. एक मुलगा म्हणाला, "मग धंदा बंद करायचा?" मी म्हटलं, बंद कशाला, आता कुठं खरा हिशेब कळला. मग त्यांनीच काढलं, ३५० रुपये किलोनं विकलं तर ना नफा ना तोटा. त्याच्या वर एक रुपया मिळाला तरच त्याला नफा म्हणायचं. घाऊक डाळ घेतली तर खर्च किती उतरेल, कणीक मळायचं यंत्र घेतलं तर सहाचे किती दिवस होतील, हेही त्यांनी मांडलं. मजुरी कमी करा, असं एकही मूल म्हणालं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी चटण्या, लाडू, शिवणकाम, क्लास चालवता! आज संध्याकाळी वही उघडा आणि खर्चाच्या बाजूला एक ओळ वाढवा, 'माझी मजुरी'. आकडा पडू दे. नफा कमी दिसेल, कदाचित तोटा दिसेल. दिसू दे. भाव वाढवायचा की नाही ते मग ठरवा, पण "तुझं बरं चाललंय की" असं कुणी म्हणालं, तर दाखवायला खरी वही हाताशी हवी.

आत्याच्या वहीत शेवटच्या पानाखाली थोडी जागा कोरी आहे. तिथं मी पेन्सिलीनं बेरीज करून ठेवली आहे, तिचे दिवस आणि तिची मजुरी. ती आता नाही. पण हे देणं होतं, एवढं तरी वहीत लिहिलेलं असावं.