मात्राशित आहार : कोसलराजाच्या द्रोणापासून आजच्या ताटापर्यंत

वजन कमी करण्याच्या संदर्भात काय खावे आणि काय वर्ज्य करावे याची चर्चा पुष्कळ होते. किती खावे, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. भारतीय वैद्यकाने या प्रश्नाला ‘मात्रा’ हे स्वतंत्र नाव दिले आहे. मात्रा क्रमाक्रमाने कमी करून वजन उतरविल्याची एक अतिशय जुनी नोंद वाराणसीच्या परिसराशी जोडलेली आहे.

इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकात काशीचा प्रदेश कोसल राज्याच्या अधिपत्याखाली होता. काशीतील एका गावाच्या महसुलावरून कोसलचा राजा पसेनदी, संस्कृत परंपरेतील प्रसेनजित, आणि मगधाचा अजातशत्रू यांच्यात युद्धेही झाली. बुद्धांनी पहिले प्रवचन वाराणसीजवळच्या सारनाथ येथे दिले. पसेनदीशी त्यांच्या भेटी मुख्यतः राजधानी श्रावस्तीत होत. संयुत्तनिकायातील ‘दोणपाक’ या सुत्तात अशाच एका भेटीचा वृत्तान्त आहे. राजा त्या काळी एका वेळेला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा भोजनोत्तर धापा टाकीतच तो बुद्धांकडे आला. त्याची अवस्था पाहून बुद्धांनी एक गाथा म्हटली. भोजनाची मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश वृद्ध होतो, असा तिचा आशय होता.

येथे द्रोण म्हणजे पळसाच्या पानांचा द्रोण नव्हे. ते धान्याचे मोठे माप होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका द्रोणाचे चार आढक आणि सोळा प्रस्थ होतात. मराठीतील पत्रावळीशेजारचा द्रोण आणि बनारसच्या गल्लीत कचोरीबरोबर भाजी ज्यात मिळते तो दोना, हे त्याच शब्दाचे आजचे अवतार. अर्थ बदलता बदलता मापही ओंजळीएवढे झाले, हा योगायोग मोठा बोलका आहे.

राजाने केवळ निश्चय केला नाही, तर व्यवस्था केली. मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाने ती गाथा पाठ करावी आणि दररोज जेवणाच्या वेळी म्हणावी, असे ठरले. त्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण मिळू लागले. पुढे अट्ठकथांनी, म्हणजे पाली टीकाग्रंथांनी, या प्रसंगाचा आणखी तपशील दिला. गाथा जेवणाच्या आरंभी म्हणायची नाही, शेवटचा घास उचलताना म्हणायची. राजाने तो घास टाकून द्यायचा आणि त्यात जितकी शिते असतील तितके तांदूळ पुढच्या वेळी शिजवताना कमी घ्यायचे. अशा रीतीने राजा नालिकाभर भातावर, म्हणजे द्रोणाच्या मानाने फारच लहान मापावर, येऊन स्थिरावला. शरीर सडपातळ झाल्यावर स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत त्याने बुद्धांविषयी कृतज्ञता व्यक्त केली, असे सुत्तात म्हटले आहे.

या कथेतील व्यवहारज्ञान आजही उपयुक्त आहे. घट इतकी थोडी होती की एका दिवसात तिची जाणीव होऊ नये. आठवण करून देण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपात ताटात नव्हे, तर चुलीवर जाणाऱ्या तांदळात केली जात होती. वाढून झालेले अन्न टाकणे आपल्याकडे अपराधासारखे वाटते आणि पंगतीत आग्रह असतोच. तेव्हा मोजायचे ते शिजविण्यापूर्वीच.

आयुर्वेदानेही याच विषयाला मानाचे स्थान दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘मात्राशितीय’ असे आहे. मात्रा ही प्रत्येकाच्या अग्निबलावर, म्हणजे पचनशक्तीवर, अवलंबून असते. ती सर्वांना सारखी नसते. पचायला जड पदार्थ पोट भरेपर्यंत खाऊ नयेत, तृप्तीच्या अर्ध्यावर किंवा तृतीयांशावर थांबावे, असे तेथे सांगितले आहे. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत : एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा. कचोरी, जलेबी आणि रबडी यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नगरात हा ‘जड पदार्थां’चा नियम विशेष लागू पडावा. गंमत अशी की याच नगरातील बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्हींचे अध्यापन होते.

प्रश्नाची व्याप्ती आता राजवाड्यापुरती राहिलेली नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरीच्या दैनंदिन आहारासाठी कच्च्या अन्नाची परिमाणे दिली आहेत : तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी किंवा मांसाहार ८५ ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम. सामान्य ताटाशी तुलना केल्यास धान्य अधिक आणि भाजी उणी, हे चित्र लगेच दिसते. म्हणजे मात्रा कमी करणे याचा अर्थ सर्वच पदार्थ सारखे घटविणे असा नाही. २७ ग्रॅम स्निग्धांश म्हणजे सुमारे सहा लहान चमचे. तळणीच्या एकाच न्याहारीत त्यातला मोठा हिस्सा संपतो. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २३ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते.

समोर अधिक असले की माणूस अधिक खातो, याला प्रयोगांचाही आधार आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५०० ऐवजी १००० ग्रॅम मॅकरोनी वाढल्यावर सहभागींच्या सेवनात सुमारे ३० टक्के वाढ झाली. लहान ताटली घेतली की आपोआप कमी खाल्ले जाते, या लोकप्रिय सल्ल्याबाबत मात्र सावध राहावे. त्याचा हिरिरीने प्रसार करणारे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधक ब्रायन वान्सिंक यांचे अनेक शोधनिबंध मागे घेण्यात आले आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांना संशोधनातील गैरवर्तनाबद्दल दोषी ठरविले. लहान ताटलीतही दुसऱ्यांदा वाढून घेता येतेच.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरविणारी काही औषधे घेणाऱ्यांनी जेवणाची मात्रा परस्पर कमी केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाचे प्रमाणही सोबत बदलावे लागते. गर्भवती, स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही वैद्यकीय सल्ल्यानेच आहारात बदल करावा.